आडवाटेनें थाळनेर

धुळें शहराचा देवपूर हा भाग पांझरेच्या उत्तर तीरावर वसलेला आहे. जुना मुंबई-आग्रा रस्ता नदी ओलांडून देवपुरांतूनच शिरपुराकडे निघतो, आणि त्या रस्त्यानें थाळनेर गांठावयाचें तर मोटारीला तास-दीड तासाहून अधिक वेळ लागत नाहीं. असें असूनही, याच गांवच्या महाविद्यालयांत पंचवीसांहून अधिक वर्षें इतिहास शिकविणाऱ्या मीं थाळनेर कधीं पाहिलें नव्हतें. बुऱ्हाणपूर पाहिलें, अशीरगड दोनदां चढलों, दिल्ली-आग्र्याला तर विद्यार्थ्यांच्या सहली नेल्या; पण फारुकी राजांचें जें पहिलें ठाणें, आणि इंग्रजांच्या खानदेशांतील अंमलाचा आरंभ ज्या गांवीं रक्तानें झाला, तें राहून गेलें. कारण विचाराल तर एकच सांगण्याजोगें होतें : तें वाटेवर नाहीं. हें कारण किती फसवें आहे, हें ज्या एका दिवसांत माझ्या ध्यानीं आलें, त्या दिवसाची ही हकीकत आहे.

गेल्या पौषांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. शिंदखेडें तालुक्यांतील एका शाळेंत तो आतां स्वतः इतिहास शिकवितो. बोलतां बोलतां तो म्हणाला, "सर, १८१८ चें प्रकरण तुम्ही वर्गांत एका वाक्यांत आटोपीत होतां. 'मंदसोरच्या तहानें खानदेश इंग्रजांकडे गेला.' गेला म्हणजे कसा गेला, हें मीं तेव्हां विचारलें होतें."

"मग मीं काय सांगितलें?"

"कांहीं नाहीं. तासाची घंटा झाली."

तो हंसला व मीही हंसलों. पण त्या हंसण्यांत माझ्या बाजूनें थोडी लाज मिसळलेली होती. पुढच्या रविवारीं त्याच्या मोटारसायकलीवर बसून थाळनेरास जावयाचें असें ठरलें. त्याची अट एवढीच कीं, आग्रा रोडनें जावयाचें नाहीं; पांझरेच्या कांठाकांठानें तापीपर्यंत उतरावयाचें, आणि भूक लागेल तेथें जेवावयाचें. ज्या यंत्राला आमच्या लहानपणीं सारा खानदेश 'फटफटी' म्हणत असे, त्याच्या मागच्या बैठकीवर पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें दिवस काढावा, ही कल्पना घरांत कोणालाच रुचली नाहीं. तथापि मफलर, कानटोपी आणि पाण्याची बाटली यांसह मंडळींनीं मला निरोप दिला.

देवपूर मागें पडलें तेव्हां नुकतें उजाडत होतें. नदीकांठच्या गार वाऱ्यानें हात बधिर झाले होते, म्हणून न्याहळोदास उतरून पहिला चहा घेतला. कढईंतून निघणारीं मिरचीचीं भजीं समोर असतांना नुसत्या चहावर थांबणें शक्य नव्हतें. तेथें बसल्या बसल्या आम्ही आमच्याच शहराचा हिशेब मांडला. आज जिल्ह्याचें मुख्य ठिकाण असलेलें धुळें १८०३ च्या भयंकर दुष्काळांत पार ओस पडलें होतें. लळिंग व सोनगीर हे परगणे तेव्हां विंचूरकरांकडे होते. त्यांच्या पदरच्या बाळाजी बळवंत नांवाच्या गृहस्थानें दुसऱ्या वर्षीं तें पुन्हा वसविलें. पुढें इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें आपली कचेरी येथें आणली, व्यापाऱ्यांना घरांसाठीं मोफत जागा दिल्या, आणि गांवाचें शहर होऊं लागलें. पुणें व हिंदुस्थान यांना जोडणाऱ्या वाटेवर तें मध्यभागीं पडतें, हें त्याच्या निवडीचें एक मुख्य कारण. म्हणजे आम्हीं ज्याला खानदेशाचें केंद्र मानून राहतों, तें केंद्र दोनशें वर्षांपलीकडचें नाहीं. आणि तें केंद्र झालें तें एका विशिष्ट रस्त्याच्या सोयीनें.

न्याहळोद सोडल्यावर थोड्याच वेळांत मागच्या चाकांतील हवा गेली. रस्त्याला लागून दादरीचें शेत होतें. रब्बीच्या ज्वारीला आमच्याकडे दादर म्हणतात. शेतधन्यानें आपल्या मुलाला सायकलीवरून पंक्चरवाल्याकडे पिटाळलें, आणि तो येईपर्यंत आम्हांस बांधावर बसवून आगटींत भाजलेल्या कणसांचा हुरडा हातावर दिला. त्याची धाकटी मुलगी शेजारीं ज्वारीचें हिरवें ताट सोलून ऊंस खावा तसें चघळीत होती. मला एकदम अबुल फजलाची आठवण झाली. अकबरानें १६०१ सालीं अशीरगड घेतला व खानदेशाला आपला मुलगा दानियाल याच्या नांवावरून 'दानदेश' म्हणविलें. 'आईन-इ-अकबरी'मध्यें या सुभ्याचें वर्णन करतांना अबुल फजल ज्वारी हेंच येथील मुख्य पीक म्हणून सांगतो, आणि तिचें ताट इतकें कोवळें व रुचकर असतें कीं लोक त्याची गणना फळांत करतात, अशी नोंद करतो. बादशहाच्या दफ्तरांतील तें वाक्य मीं कितीदां तरी वाचलें होतें, आणि दरबारी लेखकाची अतिशयोक्ति म्हणून सोडून दिलें होतें. तें अक्षरशः खरें आहे, याची साक्ष एका सहा-सात वर्षांच्या मुलीनें दिली.

इतिहासाचार्य राजवाडे यांचें स्मरण अशा प्रसंगीं धुळेंकराला झाल्याशिवाय राहत नाहीं. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं त्यांनीं धुळ्यासच देह ठेवला, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथें उभें राहिलें. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या नांवानें त्यांनीं प्रसिद्ध केलेले बावीस खंड आमच्या कपाटांत असतात. परंतु ते कागद गोळा करण्याकरितां हा मनुष्य महाराष्ट्रभर पायीं हिंडला, हाताने स्वयंपाक करून जेवला, आणि कागदांइतकेच कान लोकांच्या बोलण्याकडे व गांवांच्या नांवांकडे लावून बसला, ही गोष्ट आम्ही भाषणांत सांगतों व नंतर मोटारींत बसून घरीं जातों. फटफटी ही पायीं चालण्याची जागा घेऊं शकत नाहीं, हें मला मान्य आहे. पण तिला कांचा नसतात. तिच्यावरून जातांना ओल्या मातीचा, गुऱ्हाळाचा, गोठ्याचा वास आपोआप नाकांत शिरतो, आणि चाक बसलें म्हणजे माणसांकडे जाण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

बेटावदास माझ्या विद्यार्थ्याची मावशी राहते. तिला नुसता नमस्कार करून पुढें जाण्याचा आमचा बेत होता; परंतु "भाऊ, आते जेवीसनच जा," असें तिनें अहिराणींत बजावल्यावर वाद संपला. कळण्याची भाकरी, उडदाची घट्ट डाळ, शेंगदाणे घालून रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा व वर कच्चें तेल. ज्वारीबरोबर उडीद दळून केलेली ही भाकरी खाल्ली म्हणजे संध्याकाळपर्यंत भुकेचें नांव निघत नाहीं. "हें खरें जुनें खानदेशी जेवण," असें मीं सहज म्हटलें, आणि म्हणतांच अडखळलों. ज्वारी व उडीद जुने, यांत शंका नाहीं. पण मिरची ही मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या दर्यावर्दी व्यापारांतून ती सोळाव्या शतकांत या देशांत आली. भुईमूगही त्याच खंडांतला. तेव्हां ज्या फारुकी राजांचीं थडगीं पाहण्यास आम्ही निघालों होतों, त्यांतील पहिल्या राजांना ठेचा ठाऊक असणें शक्यच नाहीं! ज्याला आम्ही अगदीं आदिम, मातींतलें म्हणून मानतों, तें पुष्कळदां कोणत्या तरी वाटेनें बाहेरून आलेलें असतें; वाट विसरली जाते व वस्तु तेवढी घरची होऊन बसते. मावशींना मीं हें सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, आणि ताटांत आणखी एक भाकरी वाढली.

बेटावदाहून मुडावद जवळच आहे. येथें पांझरा तापीला मिळते, आणि संगमावर कपिलेश्वराचें देऊळ आहे. देवळाच्या सावलींत बसून तापीचें तें विस्तीर्ण पात्र पाहतांना मला माझ्या अज्ञानाचा उलगडा झाला. आग्रा रोडनें जाणारा माणूस तापी ओलांडतो. दोन मिनिटांत पूल मागें पडतो, आणि नदी म्हणजे रस्त्यांतील एक अडथळा होती एवढीच त्याची समजूत राहते. पण सतराव्या शतकांतील व्यापारी या खोऱ्यांत उभा नव्हे, आडवा जात असे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानें सुरतेहून आग्र्यास जाण्याच्या दोन वाटा दिल्या आहेत. एक अहमदाबादेवरून, दुसरी बुऱ्हाणपुरावरून. या दुसऱ्या वाटेवरचे त्याचे मुक्काम पाहा : नवापूर, नंदुरबार, शिंदखेडें, थाळनेर, चोपडें, रावेर, बुऱ्हाणपूर. सर्व वाट तापीच्या सोबतीनें जाते. त्यांत धुळ्याचें नांव नाहीं, आणि असण्याचें कारणही नाहीं. ताव्हर्नियेच्या लेखीं धुळेंच वाटेवर नव्हतें!

या प्रवाशाविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिऱ्या-मोत्यांचा हा व्यापारी नवापुरास आला, आणि तेथील तांदुळावर लुब्ध झाला. दाणा बारीक, शिजल्यावर बर्फासारखा शुभ्र, आणि वास कस्तुरीचा. सरदार लोक दुसरा तांदूळ खात नाहींत, आणि इराणांत कोणाला भेट पाठवावयाची तर या तांदुळाची गोणी पाठवावी, असें तो लिहितो. रस्त्यांचा इतिहास लिहिणारे आम्ही लोक त्याच्या पुस्तकांतून अंतरें, जकाती आणि नाण्यांचे भाव तेवढे उतरवून घेतों. परंतु मुक्काम कोठें पडावयाचा हें शेवटीं पाण्यानें व अन्नानें ठरत असे. जेथें बैलाला पाणी व माणसाला भाकर मिळे, तेथें वाट थांबे. जेथें वाट थांबे, तेथें बाजार भरे. आणि जेथें बाजार भरे, तेथें कोणी तरी किल्ला बांधून जकात घेऊं लागे. थाळनेरचा किल्ला कां झाला, याचें उत्तर मला त्या देवळाच्या ओट्यावर, भरल्या पोटीं, इतकें सोपें वाटलें कीं तें आजवर कां सुचलें नाहीं याचेंच नवल वाटलें.

पुढें ही आडवी वाट मागें पडली व उभी वाट मोठी झाली. बुऱ्हाणपूर व सुरत या दोन्हीं टोकांचें वैभव उतरलें, मुंबई वाढली, आणि इंग्रजांच्या कारभाराला मुंबईहून माळव्याकडे जाणारा रस्ता हवा होता. १९०० सालीं तापी व्हॅली रेल्वेनें सुरत व जळगांव जोडलीं गेलीं, तेव्हां आडवी वाट पुन्हा जिवंत झाली खरी. पण रूळ तापीच्या दक्षिण बाजूनें गेले. नंदुरबार, दोंडाईचें, शिंदखेडें, अमळनेर यांना गाडी मिळाली. उत्तर कांठचें थाळनेर पुन्हा बाजूस राहिलें.

नरडाण्यास येऊन आम्हांला अखेर आग्रा रोड धरावाच लागला. सावळद्याचा पूल ओलांडून शिरपुरास एक चहा घेतला, आणि तेथून पूर्वेकडे वळून थाळनेर गांठलें. तापीच्या उंच कांठावर किल्ल्याचे अवशेष आहेत. फिरोजशहा तुघलकाकडून मलिक राजा यास १३७० सालीं हा प्रदेश मिळाला, आणि त्यानें येथें आपलें ठाणें केलें. १३९९ सालीं तो वारला. त्याचा मुलगा नासीरखान यानें अशीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसविलें, आणि राजधानी तिकडे गेली. तरी या घराण्यांतील पहिल्या राजांना मूठमाती थाळनेरासच मिळाली. त्यांचे घुमट गांवाजवळ अजून उभे आहेत. एका अष्टकोनी कबरीच्या दगडावरील कोरीव काम पाहण्यांत माझा अर्धा तास गेला. दोनशें वर्षें राज्य करणाऱ्या या घराण्याविषयीं मराठींत आम्हीं किती थोडें लिहिलें आहे!

पण मी आलों होतों तो १८१८ साठीं. हकीकत थोडक्यांत अशी. २१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपुरास होळकरांचा पराभव झाला. गादीवर अल्पवयी मल्हारराव. त्याच्या वतीनें ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोरचा तह झाला, आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांस गेला. तो ताब्यांत घेत सर टॉमस हिस्लॉप सैन्यासह दक्षिणेस उतरला व २७ फेब्रुवारीस थाळनेरापुढें आला. किल्लेदार तुळशीराम मामा यानें दरवाजे उघडले नाहींत. विरोध केल्यास बंडखोर समजलें जाईल, असा निरोप त्याला गेला. तोफा सुरू झाल्या. मग किल्ल्यांतून अटींची बोलणी आली, व बिनशर्त स्वाधीन व्हा असें उत्तर गेलें. इंग्रजांचे लोक एकामागून एक दरवाजे ओलांडून आंत शिरले, तेव्हां किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. शेवटच्या दरवाजाआड अरब शिबंदी होती. दिंडी उघडली गेली, कांहीं इंग्रज अधिकारी मूठभर शिपायांसह आंत गेले, आणि तेथें शब्द न कळल्यानें म्हणा, दग्यानें म्हणा, झटापट उडाली. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्ग्रेगर ठार झाले. त्यावर बाहेरचें सैन्य आंत घुसलें व सुमारें तीनशें लोकांची सर्व शिबंदी कापून काढण्यांत आली. त्याच संध्याकाळीं, जो किल्लेदार झटापटीपूर्वींच शत्रूच्या हातीं होता, त्याला किल्ल्यावर फांशी देण्यांत आलें.

या कृत्याचा बोभाटा विलायतेपर्यंत गेला. मार्च १८१९ मध्यें पार्लमेंटांत या युद्धांतील सेनापतींच्या आभाराचा ठराव आला, तेव्हां हिस्लॉपचें नांव त्यांत राहिलें. परंतु थाळनेरच्या किल्लेदाराला दिलेल्या फांशीला या ठरावानें मान्यता दिली असें समजूं नये, अशी स्पष्ट पुस्ती जोडावी लागली. हिस्लॉपच्या बाजूनेंही बोलतां येण्यासारखें आहे. तह झालेला होता, आगाऊ इशारा दिलेला होता, आणि पुढचे किल्ले विनासायास हातीं यावेत म्हणून जरब बसविणें त्याला अवश्य वाटलें. कांहीं किल्ले त्या धाकानें आलेही. परंतु तीनच महिन्यांनीं मालेगांवच्या किल्ल्यांत अरबांनीं इंग्रजांना सुमारें चार आठवडे थोपवून धरलें. शरण गेल्यावरही फांशी मिळते असें एकदां दिसलें म्हणजे माणसें शरण कां जावीत? आणि आगाऊ इशारा जरी खरा धरला, तरी स्वाधीन झालेल्या मनुष्याला दुसऱ्यांच्या कृत्यासाठीं मारणें याला न्याय म्हणतां येत नाहीं. तुळशीराम मामा हा मोठा वीर होता असें मीं म्हणत नाहीं. धनी अज्ञान, तह परमुलखांत झालेला, आणि दारांत परक्यांची फौज; अशा वेळीं एका लहान किल्ल्याच्या अधिकाऱ्यानें काय करावें, या पेंचांत सांपडलेला तो एक माणूस होता. लंडनच्या सभागृहांत त्याच्या मरणाची चर्चा झाली. त्याच्या मरणस्थानापासून पन्नास-साठ किलोमीटरांवर मी मात्र पंचवीस वर्षें 'खानदेश गेला' असें म्हणत राहिलों, जणूं तो आपण होऊन उठून चालता झाला होता.

किल्ल्याच्या पडक्या भिंतीशीं आम्ही दोघे बराच वेळ उभे राहिलों. खालीं तापी संथ वाहत होती. विद्यार्थी कांहीं बोलला नाहीं, आणि त्यानें वर्षांपूर्वीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां त्याला निराळें देण्याची गरज मलाही वाटली नाहीं.

परतीची वाट आग्रा रोडचीच होती. सोनगीरच्या किल्ल्याची टेकडी अंधुक दिसूं लागली तेव्हां दिवस मावळला होता. तेथून आंत एका शेतावर माझ्या विद्यार्थ्याच्या मित्रांनीं भरिताचा बेत केला होता. वेंचणी संपलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून तींत भलीं मोठीं हिरवीं वांगीं भाजलीं. सालें काढून मिरची-लसणाबरोबर तीं लांकडी पात्रांत ठेंचलीं, वर कांद्याची पात व शेंगदाणे घातले, आणि गरम पुऱ्यांबरोबर वाढलें. वांगें आपल्याच देशाचें, मिरची व शेंगदाणा अमेरिकेचा. आणि सरपण ज्या पिकाचें, त्या कपाशीला १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीनें असा भाव आणला कीं त्याची हाव खानदेशाच्या शेतकऱ्याला पुढें पिढ्यान्‌पिढ्या पुरली. आगटीभोवतीं बसलेल्या त्या तरुण शेतकऱ्यांनीं मला थाळनेराविषयीं विचारलें. मीं सर्व हकीकत सांगितली. एकजण म्हणाला, "मास्तर, आम्ही त्या गांवाला बाजाराला जातों, पण हें कोणी सांगितलें नाहीं." त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें मला अधिक लागलें.

रात्रीं दहाच्या सुमारास देवपूर आलें. सबंध दिवसांत आम्ही दीडशें किलोमीटरांच्या आंतबाहेर हिंडलों असूं. सहलीच्या मानानें हें अंतर कांहींच नव्हे. कमर मात्र पुढें चार दिवस बोलत होती.

थाळनेर वाटेवर नाहीं, असें मीं आतां म्हणत नाहीं. तें वाटेवरच होतें व आहे. वाट तेवढी बदलली, आणि ती बदलण्यांत ज्यांचा हात होता त्यांच्याच रस्त्यावरून मी इतकीं वर्षें जात-येत होतों. दुसऱ्या दिवशीं वर्गांत १८१८ चें प्रकरण निघालें. त्या एका वाक्याला पूर्ण तास लागला. घंटा झाली तेव्हां मागच्या बाकावरच्या एका मुलीनें हात वर केला होता. तिला विचारूं दिलें, आणि मग वर्ग सोडला.